राबाविना नाचणी

जमीन ही आई आहे आणि आईला भाजायचं नसतं. हे वाक्य आमच्या संस्थेच्या कापडी फलकावर होतं. ते मी लिहिलं होतं. तोवर मी राब भाजताना पाहिलेला नव्हता.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची एक वाडी होती. तिथे उन्हाळ्यात उतारावरच्या वाफ्यात पाला, टहाळ आणि शेण पसरून पेटवत, आणि पाऊस पडला की त्या राखेत नाचणी पेरत. हाच राब. आम्ही सांगायचो, पेटवू नका, पाला कुजवा. पावसाने ओढ दिली तरी अशी माती ओल धरून राहते. वाडी मुकाट्याने ऐकायची आणि पेटवायची. शेवटी एक विधवा बाई तयार झाली, बहुधा माझी दया येऊन.

"भाऊ, आग नाय लावली तर गवताचं बी मरंल कसं?"

मी मातीतल्या उपकारक जंतूंविषयी बराच वेळ बोललो.

"तुमचं जंतू गवत खातात काय?"

सगळे हसले. मीही हसलो.

तिच्याकडे वाळक्या भोपळ्याचा तुंबाभर बी होतं, सासूच्या वेळेपासून राखलेलं. त्यातलं अर्धं मागे ठेवते म्हणाली. पण प्रात्यक्षिक सगळ्या वाफ्यावर हवं, असा आमचा नियम. आणि बी वाया गेलं तर, असं तिने विचारलं. मी म्हणालो, "आम्ही आहोत ना."

पाऊस वेळेवर आला. वाफा इतका हिरवागार झाला की कार्यालयातून फोटो काढायला माणूस आला. तो गेल्यावर बाई वाफ्यात उकिडवी बसली आणि एकेक रोप उपटून माझ्या तळहातावर ठेवू लागली. कोवळी नाचणी आणि गवत सारखंच दिसतं, निदान मला.

"हा गवत. हा बी गवत." हात भरल्यावर ती थांबली. "आता पुढल्या सालाला काय पेरू, भाऊ?"

मी कार्यालयाला बियाण्यासाठी पत्र लिहिलं. बियाणं दसऱ्यानंतर आलं. एरवी वाडी दिवाळी करून कोळशाच्या भट्टीवर मजुरीला जाते. बाई मात्र आपल्या पोरींना घेऊन नवरात्रातच गेली होती. दाराला काटेरी फांदी लावलेली होती. पिशवी मी परत आणली.

त्या वर्षीच्या अहवालाच्या मुखपृष्ठावर तो वाफा रंगीत छापलेला आहे. खाली ओळ आहे: राबाविना जोमदार नाचणी. चित्रात नाचणीचं रोप एकही नाही.