छाती शहात्तर, उंची एकशे पासष्ट

मुरुडच्या तैयबाच्या हाती कापड दिलं की माणूस निर्धास्त होई. नवरा ऐन तारुण्यात वारला, तेव्हा तिने शिवणकामावर एकुलता एक नजमुद्दीन वाढवला. तो पुढे फ्रेंचांच्या मादागास्करात गोदीवर कामाला गेला. १९२८ साली शेजारच्या फरिदाशी त्याचा निकाह ठरला. नवरदेवाची शेरवानी आईनेच शिवायची, दुसऱ्या कुणाचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून त्याने तिथल्या शिंप्याकडून मापं घेऊन पत्रातून पाठवली.

पत्र वाचायला शेजारचे बदरुद्दीन आले. छाती शहात्तर, उंची एकशे पासष्ट. ओटीवरच्या बायकांना हसू आवरेना. शहात्तर इंच छाती म्हणजे नवरा आहे की रेडा, असं विचारून त्यांनी बिचाऱ्या फरिदाला भंडावून सोडलं.

बदरुद्दीन तरुणपणी फ्रेंच जहाजावर खलाशी होते. "हे इंच न्हायत, सेंटिमीटर हायत," ते म्हणाले. "अडीचाला एक इंच धरायचा, आणि येईल त्यातून जरा कमी करायचं." त्यांनी मनाशी हिशेब केला. छाती तीस इंच.

तैयबाचं हसू मावळलं. पोरगा गेला तेव्हा छत्तीस भरला होता. त्याचा सदरा तिनेच बेतला होता.

"तुमचा हिशेब चुकला, भाय. उंची करून बघा."

उंची आली पासष्ट इंच. जाताना तिने त्याला दाराच्या चौकटीशी उभं करून खूण केली होती. तिने उठून खुणेला टेप लावली. बरोबर पासष्ट. उंचीचा हिशेब खरा, तर छातीचाही खराच. बदरुद्दीनांनी तिथेच बसून उत्तर लिहिलं, की निकाहाचं मागून बघू, तू आधी घरी ये.

तरी शेरवानी तिने छत्तिसाचीच बेतली. घरचं खाईल, अंग धरेल, असं ती फरिदाच्या आईला सांगत राहिली. नजमुद्दीन आला तो खोकतच. शेरवानी त्याने एकदाच घातली. ती खांद्यावरून घसरली तेव्हा मायलेक दोघंही हसले. पावसाळ्याच्या आत तो गेला. तैयबावर आभाळ कोसळलं.

पुढेही तिने पुष्कळ वर्षं नवरदेवांचे कपडे शिवले. पण कुणी मापं लिहून आणली, ती इंचात का असेनात, तर ती कापड परत करी.

"आकडं नको मला," ती म्हणे. "पोराला पाठव. आधी डोळ्यांनी बघीन, मग कापीन."