आल्तारखालचा डबा

भुईगावातलं आमचं घर लांबट आहे. सगळ्यात पुढे काकांचं ऑफिस. काका म्हणजे पप्पांचे मोठे भाऊ, जमिनीच्या कागदपत्रांची कामं करतात. मग हॉल, मग स्वयंपाकघर आणि त्यामागे केळीच्या बागेकडे उघडणारी माझी खोली. भिंती जुन्या, हातभर जाड. इंटरनेटची वायर काकांच्या ऑफिसात येते. तिथून माझ्यापर्यंत जे पोचायचं त्याला वाय-फाय म्हणणं कठीण होतं.

मी घरूनच काम करते. संध्याकाळी परदेशातल्या क्लायंटशी कॉल असतात आणि त्यात मी सारखी बोलता बोलता गोठायचे. शेवटी टीमलीडने सांगितलं, असंच चाललं तर रोज ऑफिसात यायचं. प्रवासाचं मला काही वाटत नाही. पण भरलेल्या मीटिंगरूममध्ये माझा आवाज घशातच राहतो. मागच्या खोलीत, दार बंद करून, समोर केळीची पानं असली की मी बोलू शकते. ती खोली मला सोडायची नव्हती.

जेवताना मी हे कसंबसं सांगितलं. काका म्हणाले, "मग जा की ऑफिसला. सगळ्यांची पोरं जातात."

पण नकाशे अपलोड करताना काकांचाही जीव जायचा. म्हणून मेश घ्यायचं ठरलं, म्हणजे एकच वाय-फाय घरभर पोचवणारे दोन-तीन डबे. कुठलं घ्यायचं, हे मला कुणी विचारलं नाही. काकांनी वसईच्या दुकानातून दोन डब्यांचा सेट ट्रायलला आणला. उंच, काळे डबे, फुलदाणीएवढे. मी मात्र परत करता येतो हे बघून तीन छोट्या डब्यांचा एक साधा सेट मागवला.

दुपारी काका जेवून आडवे झाले की मी लॅपटॉप घेऊन घरभर फिरायचे. मोठा सेट ऑफिसात खरंच झकास होता. नकाशा पाठवला की गेला. पण त्याचा दुसरा डबा हॉलमध्ये ठेवला तर सिग्नल माझ्या दाराशी येऊन दमायचा, आणि माझ्या खोलीत ठेवला तर त्यालाच पुढच्या डब्याचं धड काही मिळायचं नाही. छोटा सेट ऑफिसात जरा मंद वाटला. पण त्याचा एक डबा ऑफिसात, एक हॉलमध्ये आल्तारखालच्या प्लगला आणि एक माझ्याकडे ठेवला, की कॉल स्वच्छ चालायचा. आल्तार म्हणजे आमच्या घरातली वेदी, क्रूस आणि मेणबत्त्यांची. हॉलपासून माझ्या खोलीपर्यंत मी केबलही ओढली, टीव्हीच्या वायरसाठी पाडलेल्या जुन्या भोकांतून.

"काकांना सांगितलंस?" मम्मीने विचारलं.

"नाही."

"बरं," म्हणाली आणि भोकात कागदाचा बोळा कोंबून दिला.

संध्याकाळी कॉल तुटला. हॉलमध्ये रोझरीची, म्हणजे जपमाळेची प्रार्थना सुरू झाली आणि तुटला. दुसऱ्या दिवशीही तेव्हाच.

"खेळणं आणलंय आमच्या बायनं," आल्तारखालचा छोटा डबा उचलून बघत काका म्हणाले. "अगं, हातात घेतलं की वजनावरून कळतं माल कसा आहे ते." पप्पा हसले. माझाही विश्वास डळमळला.

मग एका संध्याकाळी कॉल नव्हता म्हणून मी रोझरीला बसले. मेणबत्त्या लावल्या. त्या विझू नयेत म्हणून पंखा बंद करायचा, ट्यूबही बंद करायची, हे आमच्याकडे आजोबांपासून चालत आलेलं. काका उठले आणि त्यांनी बोर्डावरून तळहात वरून खाली ओढला. सगळी बटणं एका फटक्यात बंद. आल्तारखालच्या डब्याचा निळा दिवा गेला.

मोठा सेटही त्या तळहातापुढे टिकला नसता.

डबा फ्रिजमागे हलवता आला असता. कुणाला काही सांगायची गरज पडली नसती. आजवर मी तेच करत आले, वस्तू हलवत आणि स्वतःही हलत. या वेळी नाही हलायचं, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी क्लायंटपुढे प्रेझेंटेशन होतं. रोझरीच्या आधी मी बोर्डापाशी जाऊन उभी राहिले. काकांचा हात वर गेला.

"काका, पंखा बंद करा, ट्यूब बंद करा. खालचं, प्लगचं बटण चालू राहणार."

"प्रार्थनेच्या वेळी मशीन?"

"त्याला आवाज नाही, वारा नाही. मेणबत्ती विझत नाही त्याने."

"आणि तू? रोझरी सोडून गोऱ्यांशी गप्पा मारणार?"

"काम आहे ते माझं. आणि सेट हाच राहणार. तुमचा परत करा."

माझा आवाज कापत होता. पण येत होता, आणि तोही हॉलमध्ये, सगळ्यांसमोर. पप्पा हातातल्या माळेकडे बघत राहिले.

मम्मी म्हणाली, "दादा, मेणबत्ती वितळायला लागली."

काकांनी पंख्याचं बटण बोटाने बंद केलं. मग ट्यूबचं. खालच्या बटणावर माझा हात होता, तो मी काढला नाही. ते जाऊन बसले, तेव्हा मी खोलीत गेले.

प्रेझेंटेशनच्या मध्यावर क्लायंटने विचारलं, मागे कसला आवाज येतोय? भिंतींपलीकडे हॉलमध्ये काका नेहमीपेक्षा चढ्या आवाजात 'नमो मारिया' म्हणत होते.

"घरी प्रार्थना चालू आहे," मी म्हटलं. "मी पुढे सांगते."

आणि शेवटपर्यंत सांगितलं. ऑफिसात यायचा विषय टीमलीडने पुन्हा काढलेला नाही. नकाशे सावकाश जातात म्हणून काका मात्र अजून ऐकवतात. ऐकवू देत.