लोडमास्टर काका आणि विमानाचं मागचं दार

कुठलीही वस्तू दिसली की लोडमास्टर काका आधी तिचं वजन सांगायचे. बनारसमधल्या आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत कुणाकडे कपाट आलं तर हमालसुद्धा त्यांनाच विचारत. काका भोसले घाटावर नावेत बसले की अनोळखी माणसांना उठवून इकडून तिकडे बसवत आणि नाव सरळ झाली की खूश होत. हवाई दलाच्या मालवाहू विमानात सामान बांधायचं आणि मागच्या दारातून पॅराशूटनं खाली सोडायचं, यातच त्यांची सगळी नोकरी गेली होती.

स्क्वाड्रनचा विषय निघाला की मला सांगताना त्यांचा आवाज चढे. “आमच्या विमानानं एक गोळी नाही झाडली, नीलू. पीठ नेलं, रॉकेल नेलं, खेचरं नेली. एकदा पुरातून आख्खं वऱ्हाड उचललं, नवरीसकट!”

दोन वर्षांपूर्वी स्क्वाड्रनचा इतिहास छापायचं ठरलं आणि आठवणी टिपायला एक तरुण अधिकारी बनारसला आला. काकांनी सकाळपासून घर डोक्यावर घेतलं होतं. चौकात खाट टाकून त्यांनी तिचं विमान केलं, आणि मला खोका म्हणून तिच्या टोकाशी उभं केलं.

मग त्यांनी तो प्रसंग सांगितला. बर्फात अडकलेल्या चौकीवर धान्य टाकायचं होतं. पॅराशूट बाहेर उघडलं, पण खोका दारातच अडकला. विमान मागे ओढलं जाऊ लागलं आणि समोर डोंगर होता. काकांचा जोडीदार गुरमीत पुढे सरकला, पण कमरेला बांधलेला दोर तिथवर पुरेना. त्यानं तो सोडून टाकला, उघड्या दाराशी पालथा पडला आणि पहारीनं खोका उचकटला. सांगताना काका स्वतःच खाटेवर पालथे पडले होते. त्यांना धाप लागली, तरी थांबेनात.

अधिकाऱ्यानं जुने कागद चाळले. त्यात खोका आपोआप सुटल्याची नोंद होती.

काका उठून बसले. दोर सोडणं नियमाबाहेर होतं, गुरमीतला शिक्षा झाली असती, म्हणून रिपोर्ट लिहिताना त्यांनी त्याचं नावच गाळलं होतं. आता गुरमीतही राहिला नव्हता.

“सर, हे छापायचं?” अधिकाऱ्यानं हिंदीत विचारलं.

“छापा. खोटा रिपोर्ट मी लिहिला, तेही छापा.”

पुस्तक आलं त्या दिवशी काकांनी ते पान गल्लीतल्या प्रत्येक दारात वाचून दाखवलं. महिन्याभरात पंजाबातून गुरमीतची मुलगी पुस्तक घेऊन आली. वडील घरी यातलं अक्षरही बोलले नव्हते. अहिल्याबाई घाटाच्या पायऱ्यांवर बसून काकांनी तिला सगळं पुन्हा सांगितलं, त्याच जोशात. शेवटी तिनं हळूच विचारलं, पापा डरले होते का?

काका पहिल्यांदाच सावकाश बोलले. “डरा तो मैं था, बेटी. उसकी बेल्ट मेरे हाथ में थी.”

त्यांनी दोन्ही मुठी पुढे धरल्या. अजूनही आवळलेल्या. मुलीनं त्या आपल्या हातांत घेतल्या आणि बराच वेळ सोडल्या नाहीत.

यंदाच्या माघात काका गेले. गुरमीतला धरून कोण होतं, हे त्यांनी अधिकाऱ्याला सांगितलंच नव्हतं. पुस्तकात ते नाही, म्हणून मी इथं लिहिलं.