हजेरीच्या पत्रातली जादा ओळ

माझ्या केबिनच्या दारावर 'अटेंडन्स ऑफिसर' अशी पाटी होती. कतारमध्ये, दोह्यातल्या एका भारतीय शाळेत मी सहा वर्षं ते काम केलं. पाटी पाहून लहान मुलं दबकत आत यायची, मोठी मुलं आपसांत मला पोलीस म्हणायची. खरं तर माझ्या हातात फार थोडं होतं. तीन दिवस मूल आलं नाही तर घरी फोन करायचा, दहा दिवस झाले की पत्र पाठवायचं, महिना उलटला की पालकांना बोलावून लेखी हमी घ्यायची. तरीही मूल आलं नाही तर त्याचं नाव पटावरून काढायचं. नाशिकला मी बँकेत कारकून होते. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले आणि हे काम मिळालं. आवडलंही. सकाळी गैरहजर मुलांची यादी समोर आली की कोण खरंच आजारी आणि कोण मॉलमध्ये भटकतंय हे मी नावावरूनच ओळखते, असा मला गर्व होता.

नववीतली एक मुलगी सारखी त्या यादीत दिसायला लागली. आधी आठवड्यातून दोनदा, मग सलग. वडिलांना फोन केला की ते म्हणायचे, "ताप आहे, मॅडम." एवढा ताप कुणाला येतो? एक दिवस शाळेच्या बसमधल्या बाईंनी मला सांगितलं, "ती मुलगी रोज स्टॉपवर येते की. पहिलीतल्या बहिणीला बसमध्ये चढवते, पट्टा लावते आणि परत जाते." मी धाकटीची हजेरी काढून पाहिली. तिचा एक दिवसही बुडाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बसमधल्या बाईंच्या हाती निरोप पाठवला, की मोठीलाही बसमध्ये घेऊन या, गणवेश नसला तरी चालेल.

ती गणवेशातच आली. इस्त्री केलेला होता. समोरच्या खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ न टेकता. मी मराठीत विचारलं, ती इंग्रजीत उत्तरं देत राहिली. इथली आपली मुलं असंच बोलतात, समजतं सगळं. तिच्या आईला तीन महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं. वडील सूक वाकिफ या जुन्या बाजारात कापडाच्या दुकानात कामाला होते. सकाळी आठला जायचे, दुपारी दोन तास घरी यायचे, पुन्हा रात्रीपर्यंत दुकान. आईला उठवणं, न्हाणीत नेणं, भरवणं, औषधं देणं, सगळं हिच्याकडे.

"वडिलांना सांगितलंस का, शाळेत जायचंय म्हणून?"

तिने होकारार्थी मान हलवली. म्हणाली, अब्बा फक्त म्हणतात, थोडे दिवस. मग एकदम पुढे झुकून तिने मला विचारलं, "मिस, इंग्लंडमध्ये मूल शाळेत नाही आलं तर ऑफिसर घरी येतो. माझ्या कझिनने सांगितलं. आईवडिलांना कोर्टात पण नेतात. तुम्ही तशाच ऑफिसर ना?"

मी हसले. हसायला नको होतं. "नाही गं, मी तशी नाही."

"पण अब्बांना माहीत नाही ना, तुम्ही तशा नाही ते. तुम्ही एक लेटर लिहा. स्ट्राँग लेटर. ते घाबरले की कुणाला तरी कामाला ठेवतील. प्लीज, मिस."

चौदा वर्षांची मुलगी मला सांगत होती की माझ्यावर जबरदस्ती करा. आजवर माझ्यासमोर बसलेल्या प्रत्येक मुलाला माझ्या तावडीतून सुटायचं होतं.

मी उपमुख्याध्यापकांकडे गेले. म्हटलं, पालक मुलीला घरी ठेवतायत, आपण काही करू शकतो का? ते भले गृहस्थ होते. म्हणाले, "आईबापांना जाब विचारायचा असेल तर तो सरकार विचारेल. आपण शाळा. आपल्याला अधिकार एकच, नाव कापायचा. आणि तो वापरून तिचं काय भलं होणार? नेहमीचं पत्र पाठवा."

मी केबिनमध्ये येऊन नेहमीचं पत्र उघडलं, त्यात तिचं नाव आणि गैरहजेरीचे दिवस भरले. मग शेवटी एक ओळ स्वतःच्या मनाने घातली. मुलगी यापुढे गैरहजर राहिल्यास ही बाब सरकारी खात्याला कळवण्यात येईल व पालकांवर कारवाई होऊ शकेल. असं कुठलंही खातं मला माहीत नव्हतं, तसं कळवायचा मला हक्क नव्हता. सही केली, शिक्का मारला.

तीन दिवसांनी मुलगी वर्गात होती. तिच्या वडिलांनी इमारतीतल्या एका केरळी बाईंना सकाळच्या वेळी आईजवळ बसायला विनवलं होतं. मधल्या सुट्टीत ती माझ्या दारातून डोकावली आणि अंगठा वर करून पळाली. त्या आठवड्यात मी घरी फार आनंदात होते. नवऱ्याला पत्राचं सांगितलं. तो जेवता जेवता थांबला. "खोटं लिहिलंस?" एवढंच म्हणाला. मी म्हटलं, पोरगी शाळेत आली ना?

नऊ दिवस ती आली. मग दोघी बहिणींची नावं एकदमच यादीत दिसली. दोन दिवस फोन लागला नाही. शनिवारी सुट्टी होती, मी नवऱ्याला गाडी काढायला लावली आणि अल हिलाल वस्तीतला त्यांचा पत्ता शोधत गेले. एका जुन्या व्हिलाचे भाग पाडून कुटुंबं राहत होती. मागच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या. दारातच बॅगा होत्या, दोरीने बांधलेल्या.

वडिलांनी मला ओळखलं नाही. शाळेचं नाव सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. ते रत्नागिरीकडचे, मी मराठीत बोलले तेव्हा जरा सावरले. "या ताई, बसा. तुम्ही आपल्यातल्या निघालात." मग घाईघाईने म्हणाले, "सोमवारी पाठवतोय ताई सगळ्यांना. मुलींना पण, त्यांच्या आईला पण. मुलगी इथे राहणारच नाही म्हणजे गैरहजेरीचा प्रश्नच नाही. तुम्ही वर कळवू नका."

"का पाठवताय? ती येत होती की शाळेत."

"त्या शेजारच्या बाईंना परवापासून नोकरी लागली. आता कुणाला सांगू? दुकानातल्या माणसांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, सरकारात नाव गेलं तर रेसिडेन्सी, इथे राहायचा परवानाच जाईल, मग सगळंच खलास. मला इथे राहायला तर हवं, ताई. औषधं कशाने आणू?"

आतल्या पलंगावर त्यांची बायको उशीला टेकून बसली होती. तिने डावा हात उचलून मला सलाम केला. मुलगी चहा घेऊन आली. दूध नव्हतं बहुतेक, काळा चहा होता, लिंबू पिळलेला. कप माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी म्हणाले, "तसं काही होणार नाही. कुणी कारवाई करत नाही."

"लिहिलंय ना, ताई. शिक्का आहे."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं की ती ओळ खोटी आहे, माझी आहे. जिभेवर आलं होतं. पण त्यांनी शाळेत येऊन विचारलं तर? उपमुख्याध्यापक काय म्हणतील? नोकरी जाईल. मी म्हणाले, "मी बोलून बघते वरच्यांशी." वर कुणी नव्हतंच. ते म्हणाले, "तिकिटं काढून झाली, ताई."

निघताना मुलगी दारापर्यंत आली. पहिल्यांदाच ती माझ्याशी मराठीत बोलली. "मिस, मी शाळेत जायला पत्र मागितलं होतं."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती बाजूला झाली.

शाळा सोडल्याचे दाखले न्यायला कुणी आलं नाही. मी दोन्ही तयार करून ठेवले होते. कारणाच्या रकान्यात नियमाप्रमाणे 'दीर्घ गैरहजेरी' यायला हवं होतं. मी 'पालकांची विनंती' लिहिलं. दाखला नेला नाही म्हणजे तिकडे कुठल्या शाळेत नाव घातलं नाही, एवढं मला कळत होतं.

दीड वर्षाने वडील आले. खूप वाळले होते. आधीच्या पावसाळ्यात बायको गेली होती. दुसरा झटका आला, तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत न्यायला गाडी वेळेवर मिळाली नाही. धाकटीला गावच्या शाळेने दाखल्याशिवाय, वयावरून घेतलं होतं. मोठी तेव्हापासून घरातच होती, आधी आईचं, मग आजोबांचं करत. आता तिला बाहेरून दहावीला बसायचं होतं, सतरा नंबरचा फॉर्म भरून. त्यासाठी दाखला हवा होता.

"दादा," मी म्हटलं, "त्या पत्रात मी जी ओळ..."

"जाऊ दे, ताई. तुमचं कामच ते. कायद्याची माणसं तुम्ही." मग त्यांनी फोन काढला. "तिच्याशी बोलता? ती विचारते तुम्हाला." फोन लावून माझ्या हातात दिला आणि ते दाखल्यासाठी सही करायला बाहेरच्या काउंटरवर गेले.

"बाई?" ती म्हणाली. तिकडे शिक्षिकेला बाई म्हणतात, आता तीही म्हणत होती. मराठी सफाईदार झालं होतं, कोकणच्या हेलाचं. मी अभ्यास कसा चाललाय, असं विचारलं. तिने आवाज अगदी खाली आणला.

"अब्बा आहेत का तिथे?"

"बाहेर आहेत."

"पत्र मी मागितलं होतं, ते सांगितलंत त्यांना?"

"नाही."

"सांगू नका. अम्मी तिथे असती तर मोठा दवाखाना जवळ होता. अब्बांना कळलं तर..."

दीड वर्ष मी माझं ओझं वाहत होते आणि तेच ओझं ती पोर तिकडे, स्वयंपाक करताना, आजोबांना न्हाऊ घालताना वाहत होती, याचा विचारही मला शिवला नव्हता.

"ऐक," मी म्हटलं. "तू पत्र मागितलंस, खोटी ओळ नाही मागितलीस. कारवाईचं मी मनाने लिहिलं. मला तो अधिकारच नव्हता. आणि तुझ्या घरी आले तेव्हाही मी खरं बोलले नाही, नोकरीला घाबरले. यात तुझं काही नाही. ऐकतेस ना?"

पलीकडे कोंबडी ओरडत होती, कुणीतरी भांडं घासत होतं. 

"तेव्हा का नाही सांगितलंत?" तिने विचारलं. रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं.

मी काही बोलायच्या आत वडील दाखला हातात घेऊन आत आले. मी फोन त्यांच्याकडे दिला. "झालं गं बाय, मिळाला," ते तिला सांगत होते. "वागणूक चांगली लिहिलंय बघ."