चार तऱ्हांचं ‘घर’

छापखान्यात तिला सगळे प्रूफबाई म्हणत. छापायला जाण्याआधीचं प्रत्येक पान तिच्या टेबलावरून जायचं आणि तिच्या नजरेतून साधी वेलांटी सुटत नसे. “बाई भातात खडा नाही, ऱ्हस्व-दीर्घ शोधतात,” असं बांधणी खात्यातले लोक म्हणत. तीही हसायची. घरी मात्र दिव्याखाली अंधार होता.

तिची थोरली लेक तिसरीत गेली तरी तिला धड वाचता येत नव्हतं. एकदा ऐकलेली गोष्ट ती शब्दन् शब्द सांगायची, अडकलेलं कुलूप खोलून दुरुस्त करायची. पण पुस्तक उघडलं की तिचं बोट पहिल्याच ओळीत रुतून बसायचं. धाकटी दुसरीत होती आणि फाडफाड वाचायची. थोरली नापास झाली तर पुढच्या वर्षी दोघी बहिणी एका वर्गात बसणार होत्या. प्रूफबाईला धास्ती होती ती याचीच.

म्हणून ती कामावरून आली की हातपाय धुऊन शुद्धलेखन घ्यायला बसे.

“हे काय लिहिलंयस?”

“घर.”

“हे ‘धर’ झालं. आणि हे काय, ‘रघ’? वरच्या ओळीत तर बरोबर लिहिलंयस! म्हणजे येतं तुला. मुद्दाम करतेस?”

“वरचं कसं बरोबर आलं ते मला नाही माहीत, आई.”

“वर तोंड करून बोलतेस?” आणि हात उठायचा. मग तोच शब्द पन्नास वेळा. तिसाव्या ओळीपर्यंत घराचं पार रान झालेलं असायचं.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती लेकीची वही तपासत होती. समोर जुळारीकाका डबा खात होते. छपाईच्या अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. संगणक आल्यावर खिळे मोडीत गेले आणि काका पानं मोजायला बसले. त्यांनी वही ओढून घेतली, हात लांब करून पाहिली.

“बाई, या एका पानावर ‘घर’ चार तऱ्हांनी आहे.”

“आळस, दुसरं काय!”

“आळशी माणूस एवढी मेहनत करत नाही हो. एकदा कुणीतरी माझ्या केसमधले, म्हणजे खणाखणांच्या पेटीतले, खिळे भलत्याच खणांत टाकले होते. माझा हात ‘घ’च्या खणात जायचा आणि निघायचा कधी ‘घ’, कधी ‘ध’. आठ दिवस मालक मला आंधळा म्हणत होते. शेवटी मी अख्खी केस जमिनीवर उलटी केली, तेव्हा कळलं.” वही परत देताना त्यांनी आवाज खाली आणला. “पोरीला मारत तर नाही ना?”

प्रूफबाईने डब्याचं झाकण लावलं. घास राहिला होता.

त्या संध्याकाळी तिने वर्षभराच्या वह्या काढल्या. ज्याला शब्द माहीत नसतो तो दर वेळी तीच चूक करतो. जो निष्काळजी असतो तो घाईत चुकतो, हे तिनेच नव्या मुलींना शिकवलं होतं. थोरलीची चूक यांपैकी कुठलीच नव्हती. सावकाश, जीभ दातांत धरून, खोडून खोडून लिहिलेल्या शब्दातही ती होती. पानोपानी तिने स्वतःच्या हाताने मारलेल्या फुल्या होत्या. एवढ्या चुका दिसल्या, आणि चुकणारी दिसली नव्हती.

मुलांच्या दवाखान्यात तपासणीचा नंबर दोन महिन्यांनी लागला. तोवर परीक्षा होऊन गेली. तिथल्या बाईंनी थोरलीला चित्रं, आकडे, आवाज देऊन सकाळभर पारखलं आणि कागदावर शब्द लिहिला: डिस्लेक्सिया. “ज्यांना वाचणं-लिहिणं अवघड जातं, त्यांच्या अडचणीचं हे नाव,” त्या म्हणाल्या.

थोरलीने तो वाचायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. “आम्हालाच वाचता येऊ नये म्हणून एवढा अवघड ठेवलाय का?”

बाई खळखळून हसल्या. मग आईकडे वळल्या. “बुद्धी उत्तम आहे. याला औषध नसतं, वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागतं. पहिलीतच आणायला हवी होती.”

“मी... मी रोज घेऊन बसायचे तिला.”

तो कागद घेऊन ती मुलीसह शाळेत गेली. मुख्याध्यापिकेने तो दोनदा वाचला. ती वाईट बाई नव्हती.

“निकाल लागलाय हो. आणि वर ढकलली तरी चौथीत तिला असं शिकवणार कोण? आमच्याकडे तशी एकही बाई नाही.”

“तोंडी घेऊन बघा. सगळं सांगेल ती.”

“माझ्या हातात असतं तर...” म्हणत तिने कागद टाचणी लावून फाइलीत ठेवला.

परतीच्या वाटेवर एका कोपऱ्यावर वाहनं थांबायची वाट बघत दोघी उभ्या राहिल्या, तेव्हा थोरलीने विचारलं, “आई, माझी तिसरीची पुस्तकं तू धाकटीला देणार होतीस ना?”

“हं.”

“मग मला?”

आईने तिच्याकडे पाहिलं.

“राहू दे,” थोरलीच म्हणाली. “एकाच बाकावर बसू. ती वाचेल, मी ऐकेन.”