सोबत कोण येणार?

नंदनवन कॉलनीत आनंदरावांच्या बुटांची जेवढी चर्चा झाली, तेवढी कुणाच्या लग्नाचीही झाली नसेल. पासष्टीचा गडी, वाडीच्या गोदामात तीस वर्षं हमालांवर खेकसलेला, आणि पायात एकाएकी निळे लेसवाले बूट! मागून पदर खोचलेली त्यांची बायको, सिंधूताई.

"कोण कोणाले पळवून राहिलं गा?" पानठेल्यावरून चंपतराव ओरडे. त्याचं दुखणं वेगळंच होतं. आनंदरावांनी त्याच्याकडचा तंबाखू-सुपारीचा खर्रा सोडला होता.

झालं होतं असं की आनंदरावांना हार्ट अटॅक आला, स्टेंट बसला, आणि डॉक्टरांनी बारा आठवड्यांच्या रिहॅबला धाडलं. तिथे छातीला वायरी चिकटवून मशीनवर चालवायचे, आधी-नंतर बीपी बघायचे, खाण्यापिण्याचं समजावायचे. हमालांना थरथर कापायला लावणारा हा वाघ घरी मात्र उशी आवळून बसला होता. "चालता चालता हार्टच बंद पडलं तं?"

"मंग मी हावो नं," सिंधूताई म्हणाल्या, आणि हाताला धरून घेऊन गेल्या.

तिथल्या रोशनी मॅडमनी एक नियम सांगितला : चालताना बोलता आलं पाहिजे; धाप लागली तर वेग कमी करायचा. सिंधूताईंनी तो नियम पदराला बांधला.

"बोला," रोज सकाळी चालताना त्या म्हणत.

"काय बोलू?"

"चाळीस वर्षांत नाही बोलले ते बोला."

आणि आनंदराव बोलू लागले! आधी गोदामातल्या चुगल्या, मग आईची आठवण, मग लग्नातली तिची हिरवी साडी. बारा आठवड्यांनी ते दोन जिने न थांबता चढले. भीती गेली, झोप आली. सिंधूताईंनी सगळ्या गल्लीला साखर वाटली. नवऱ्याला मात्र दिली नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सिंधूताईंची छाती दुखली. घरानं गॅस समजून ओवा दिला. निघाला अटॅक. स्टेंट बसला, आणि रिहॅबची तीच चिठ्ठी हाती आली.

"मलेही जायचं हाये तिथं," त्या म्हणाल्या.

आनंदराव कौतुकानं हसले. "तुले काय गरज वं? झाडू, पोछा, पोळ्या. दिवसभर चालूनच राहते तू!"

"बाबा, न्या नं त्यांना," पाऊस लागल्यावर सून पिंकी म्हणाली.

"पाऊस उघडू दे. आराम करू दे तिले."

त्यांना ती मायाच वाटत होती, यात खोट नाही. पण बाई आता बादली उचलायला भ्यायची, जिन्यात मध्येच बसायची. सकाळचं चालणं तर तिचं कधीच सुटलं होतं. आनंदराव एकटेच जायचे आणि तब्येत कशी खणखणीत झाली ते परत येऊन तिलाच सांगायचे.

ऑगस्टच्या मध्यावर एका दुपारी कणीक मळताना ती परातीवर कलंडली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

महिन्याभरानं आनंदराव रिहॅबमध्ये तपासणीला गेले.

"काका, काकू सोमवारी आल्याच नाहीत. फोनही लागला नाही," रोशनी म्हणाली.

"कोणता सोमवार?"

रोशनीनं रजिस्टर पुढे केलं. जुलैत एका सकाळी, आनंदराव फिरायला गेले असताना, सिंधूताई एकट्या ऑटोनं येऊन नाव लिहून गेल्या होत्या. नंबर लागला तो ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारचा. 'सोबत कोण येणार' या रकान्यात त्यांच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : आनंदराव. विचारायचा धीर त्यांना झाला नव्हता, की सोमवार जवळ आला की सांगू म्हणत राहिल्या, कुणास ठाऊक.

आनंदरावांनी ती गेल्याचं सांगितलं. मग विचारलं, "लवकर आणलं असतं तं वाचली असती का?"

रोशनीनं खोटा दिलासा दिला नाही. "खात्रीनं नाही सांगता येत, काका. पण धोका कमी झाला असता. आणि भीती तर नक्कीच."

तिनं नाव खोडायला पेन उचललं.

"राहू दे वं पोरी," आनंदराव म्हणाले.

त्या दिवशी त्यांची नाडी इतकी वाढली होती की रोशनीनं त्यांना मशीनवर चढू दिलं नाही.