गिअरबॉक्स जमिनीवर होता

मी ऑडिटमधला माणूस आहे. आकडा जुळला नाही तर चूक कुणाची तरी असते आणि शोधली की सापडते, या भरवशावर माझी सगळी नोकरी झाली. भुताखेतांचे किस्से कुणी सांगायला लागलं की मी उठून पाणी प्यायला जातो. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय…

आम्ही धायरीत राहतो. मी, बायको आणि माझे वडील, म्हणजे अण्णा. अण्णा ऐंशीच्या पुढचे, खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. अलीकडे विसरायला लागलेत. मधूनच शर्ट घालून, "ड्यूटीला उशीर होतोय," म्हणत दाराशी येऊन उभे राहतात. खडकीचं क्वार्टर सोडून कितीतरी वर्षं झाली, हे त्यांना पटत नाही.

गाडी त्यांचीच. जुनी छोटी हॅचबॅक, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना. डावा पाय कायम क्लचवर टेकवून चालवायची त्यांची सवय. आता गाडी मीच चालवतो, पण क्लच शेवटी गेलाच. चढावर इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही आणि जळका वास सुटायचा. म्हणून घराजवळच्या विलासच्या गॅरेजमध्ये दिली.

गाडी देताना मीटरचा आकडा मी काचेवर खडूने लिहायला लावतो आणि काम होईपर्यंत तिथेच स्टूल टाकून बसतो.

"काका, बँकेतबी एवढा पहारा नसतो," विलास म्हणाला.

"बँक माझी गाडी फिरवून आणत नाही."

"गिअरबॉक्स उतरवल्यावर कोण फिरवतंय? पण लिवतो. बोला आकडा."

मीटरचे शेवटचे तीन आकडे होते ४१२. त्याने मोठ्या अक्षरात लिहिले.

दुपारपर्यंत गाडी लोखंडी घोड्यांवर चढली होती. पुढची चाकं निघालेली, गिअरबॉक्स खाली गोणपाटावर. जुन्या गाड्यांत मीटरची केबल गिअरबॉक्समधून येते, ती फिरली तरच मीटर फिरतो. तीही सुटून लोंबत होती. विलासने जुनी क्लच प्लेट माझ्या हातात ठेवली. झिजून पार रिव्हेट दिसायला लागले होते. जुने पार्ट मी घरी नेतोच, त्यामुळे ती पेपरात गुंडाळत होतो, तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, अण्णा घरात नाहीत."

मी पळत सुटलो. सोसायटीचा वॉचमन म्हणाला, "आजोबा आपल्या पार्किंगकडं गेले. मला वाटलं, तुम्ही गाडीत बसलाय."

आमची जागा रिकामी होती. फक्त ऑइलचा डाग. अण्णांचा फोन पलंगावर, पाकीट कपाटात, दुपारची गोळी तशीच टेबलावर. ती चुकली की त्यांना चक्कर येते, आणि बाहेर सिंहगड रोडवर टँकर, डंपर धावत असतात. बायको पोलीस चौकीत फोटो घेऊन गेली. मी देऊळ पाहिलं, बसस्टॉप पाहिला, मग कालव्याच्या कडेने चालायला लागलो. पाण्याकडे बघत होतो… आणि बघवतही नव्हतं.

तिथेच फोन आला. खडकीहून शेलारकाका, अण्णांचे कारखान्यातले सोबती.

"अरे, अण्णा इथे माझ्या ओट्यावर बसलेत. पण तू त्यांना सोडून तसाच कसा गेलास? आत यायची काही पद्धत?"

"मी? काका, मी धायरीत आहे!"

"मग गाडी कुणाची थांबली गेटापाशी? आवाज ऐकला मी. आणि क्लच बघ रे बाबा, वास पार घरात आलाय."

कॅब करून आम्ही दोघं खडकीला पोचलो. अण्णा चहात बिस्किट बुडवत होते. बायकोने आधी त्यांना गोळी दिली, मग रडली.

"अण्णा, कसे आलात?"

"गाडीने."

"कोणी आणलं?"

"चालवायला मला कोण कशाला लागतंय?" मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "क्लच दाखवून घे. फार घासतोय."

त्यांच्या शर्टाला तो जळका वास येत होता. परत येताना कॅबमध्ये त्यांचा डावा पाय सगळी वाट खाली दाबलेला होता.

एखाद्या भल्या रिक्षावाल्याने सोडलं असेल, शेलारकाकांनी दुसरीच गाडी ऐकली असेल, अशी मी मनात जुळवाजुळव केली. जवळजवळ जुळलंही होतं. मग अण्णांना घरी सोडून गॅरेजवर गेलो.

विलास बाहेर माझ्याच स्टुलावर बसला होता. हातात काम नाही.

"काका, आकडा तुमीच सांगितला न्हवं?"

काचेवर ४१२. आत मीटरवर ४३०.

"तू काही –"

"केबल बघा की."

केबल तशीच लोंबत होती. गिअरबॉक्स गोणपाटावर. नवीन प्लेट खोक्यातून निघालीही नव्हती.

"जेवायलाबी उठलो न्हाय मी इथनं," विलास म्हणाला.

नंतर मी स्वतः गाडीने मोजलं. धायरी ते शेलारकाकांचं गेट, अठरा किलोमीटर. म्हणजे मीटरवर फक्त जाणं आहे. येणं नाही, येताना आम्ही कॅबने आलो.

क्लच बसल्यावर मी विलासला म्हणालो, "मीटर अठराने मागे घे."

"चाललेलं किलोमीटर मी कमी करत न्हाय, काका."

"पण गाडी चालली कुठे?"

विलासने हातातल्या फडक्याने काचेवरचा खडूचा आकडा पुसून टाकला.

मीटर बिघडला असेल, असं खाली कमेंटमध्ये लिहिणाऱ्यांना आधीच सांगतो, तो दोनदा तपासून घेतलाय. आजही बरोबर चालतो. त्या अठरा किलोमीटरचा खुलासा माझ्याकडे नाही.

आता दर रविवारी मी अण्णांना खडकीला नेतो. त्यांना एकट्याने निघायची वेळ येऊ नये, म्हणून. पार्किंगमध्ये आलो की ते डाव्या बाजूचं दार धरून थांबतात आणि विचारतात, "आज तू चालवतोयस का?"

मी हो म्हणतो. आणि आधी मीटर बघतो.